कुलवृत्तांताच्या मासिकावर पोस्टाची फरक-वसुली: वंशावळप्रेमींनी नेमकं काय करायचं?

वंशवेल:

कुलवृत्तांत, वंशावळी आणि घराण्यांची जुनी कागदपत्रं एवढ्याच विषयाला वाहिलेलं एक मराठी मासिक सध्या मोठ्या अडचणीत आहे. प्रकरण चालू असल्यामुळे नाव देत नाही; इथल्या अनेकांच्या घरी ते येतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागणार नाही. अंक नोंदणीकृत वृत्तपत्राच्या सवलतीच्या दरानं पोस्टात पडत होता. आता विभागीय कार्यालयाकडून नोटीस आली आहे: जून २०२४ च्या आधीच्या दोन वर्षांतले अंक सवलतीला पात्र नव्हते, म्हणून सगळ्या अंकांवर पूर्ण दरानं फरक भरा, नाहीतर पुढची सवलतही थांबवू.

नोटिशीत चार मुद्दे आहेत.

१. काही अंकांत वंशावळीचा घडीचा तक्ता सुटा घातला होता. त्यावर मासिकाचं नाव आणि तारीख नव्हती.
२. दर दिवाळीला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक निघाला.
३. वर्गणीदारांच्या यादीत आजीव वर्गणीदार, मंडळांचे सभासद आणि भेट अंक मिसळलेले आहेत. खरे वर्गणीदार किती ते कळत नाही.
४. मजकूर जुन्या घराण्यांचा आहे, बातम्यांचा नाही.

संपादक मंडळ चार-पाच माणसांचं आहे आणि सगळे आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करतात. अंक बंद पडला तर छापील कुलवृत्तांतांच्या दुरुस्त्या, तुटलेल्या शाखांचे शोध, मोडी कागदांची लिप्यंतरं यांना दुसरी जागा नाही. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती वीस-पंचवीस वर्षांनी निघते. मधल्या काळात चूक दुरुस्त होते ती अशा मासिकातच.

सध्या व्हॉट्सॲपवर सह्यांची मोहीम सुरू झाली आहे. तिचा उपयोग आहे का? की आपल्यासारख्यांनी दुसरं काही करायला हवं? ज्यांना पोस्टाचे नियम, संस्थेचे हिशेब किंवा छपाई यातलं नीट माहीत आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

डाकखूण:

सह्यांची मोहीम आत्ता थांबवा. नोटिशीला उत्तर कागदानं द्यायचं असतं. पाचशे सह्यांपेक्षा पाचशे पावत्यांच्या नकला शंभरपट कामाच्या.

आधी काळ पाहा. जून २०२४ च्या आधीचे अंक म्हणजे १८९८ चा भारतीय डाकघर कायदा लागू. नवा डाकघर कायदा २०२३ चा, पण तो अंमलात आला १८ जून २०२४ ला. त्यामुळे या अंकांची पात्रता जुन्या कायद्याच्या कलम ९ वर ठरते, आणि उत्तरात प्रत्येक मुद्दा त्या कलमाशी जोडूनच लिहायला हवा. नोटिशीत कोणतं कलम, कोणता नियम दिला आहे ते दिसत नसेल, तर पहिलं पत्र तेवढंच मागणारं पाठवा.

कलम ९ च्या अटी थोडक्यात अशा: प्रकाशनात सर्वस्वी किंवा बऱ्याच प्रमाणात राजकीय वा इतर बातम्या, त्यासंबंधीचे लेख किंवा चालू विषय असावेत, दोन अंकांतलं अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त नसावं, वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. आणि पुरवणी अंकाचाच भाग धरायची तर ती त्याच तारखेची असावी, अंकासोबतच जावी, तिचा मजकूर अंकाच्या मजकुरासारखा असावा आणि तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर मासिकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख छापलेली असावी.

म्हणजे तक्त्याचा मुद्दा पोस्टाच्या बाजूनं पक्का आहे. तिथं वाद घालू नका. पण तो फक्त तक्ता असलेल्या अंकांपुरता आहे, हे ठासून सांगा. तक्ता नसलेल्या अंकांवर त्या कारणानं फरक लागू शकत नाही.

रकमेचा अंदाज यावा म्हणून उदाहरण घेतो. ६०० प्रती, वजन ५८ ग्रॅम. त्या काळच्या दरपत्रकात नोंदणीकृत वृत्तपत्राला ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे, ५० ते १०० ग्रॅमला ५० पैसे आणि पुढच्या प्रत्येक १०० ग्रॅमला २० पैसे. तोच अंक साध्या बुक पॅकेटमध्ये (छापील साहित्याचं उघडं पाकीट) धरला, तर पहिल्या ५० ग्रॅमला ४ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५० ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला ३ रुपये, म्हणजे ७ रुपये. फरक प्रतीमागे साडेसहा रुपये, अंकामागे ३,९००. दिवाळीचे दोन जाड अंक बाजूला ठेवले तर दोन वर्षांच्या २० अंकांचे ७८,००० होतात. तक्ता समजा ८ अंकांत असेल, तर वसुली ३१,२०० वर येते. मासिक जगणार की बंद पडणार, ते या दोन आकड्यांमधल्या अंतरावर ठरेल.

आणखी एक गोष्ट बहुतेक उत्तरांतून सुटते. अंक वृत्तपत्र नाही असं वादासाठी मान्य केलं, तरी तो नियतकालिक आहेच. नियतकालिकांच्या बुक पॅकेटला दरपत्रकात वेगळं सदर होतं आणि त्याचा दर साध्या बुक पॅकेटपेक्षा कमी होता. नोटिशीत फरक कोणत्या सदराखाली काढला आहे ते विचारा, आणि पर्यायी मागणी म्हणून 'फरक लावायचाच असेल तर नियतकालिकाच्या दरानं लावावा' असं स्वतंत्र परिच्छेदात लिहा.

पहिल्या पत्रात मागायच्या गोष्टी: अंकवार तक्ता (अंकाची तारीख, प्रतींची संख्या, धरलेलं वजन, भरलेलं टपाल, लावलेला दर), वजन कोणत्या प्रतीचं केलं आणि त्यात सुटा तक्ता होता का, आणि पूर्वशुल्काशिवाय टपाल टाकण्याचा परवाना असेल तर त्या त्या दिवशीच्या पोस्टिंगच्या नोंदी. पत्र पोच घेऊन द्या. नुसतं काउंटरवर ठेवून येऊ नका.

उत्तर पंधरा दिवसांत आलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'का' विचारू नका. 'अमुक तारखेच्या नोंदीची प्रत द्या' असं मागा. 'का' विचारलेला अर्ज हमखास परत येतो.

खतावणी:

तिसऱ्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण वाचक म्हणून आपण खरी मदत करू शकतो ती इथंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आज नवे वर्गणीदार झाल्यानं मागच्या दोन वर्षांची यादी खरी ठरत नाही. त्यामुळे मदतीचे दोन वेगळे गट करा. त्या काळात ज्यांनी पैसे भरले होते ते पुरावा देतील. आज जोडले जाणारे पैसे आणि पुढची यादी देतील. हे दोन ढीग एकत्र केले तर यादीवरचा संशय उलट वाढेल. आणि मागच्या तारखेची पावती कुणीही मागू नये, संपादकांनी तर देऊच नये. अशी एक पावती सापडली की उरलेल्या सगळ्या खऱ्या पावत्यांची किंमत जाते.

जुन्या वर्गणीदारांनी साध्या कागदावर एवढं लिहून सही करावी:

'मी ______, राहणार ______, पिन ______. मी या मासिकाचा/ची वर्गणीदार असून सन ____ ते ____ या काळाची वर्गणी रु. ____ दिनांक ____ रोजी रोख / धनादेश / मनीऑर्डर / यूपीआयने भरली. पावती क्र. ____. या काळात अंक माझ्या वरील पत्त्यावर टपालाने येत होता.'

सोबत पावतीची नक्कल. पावती हरवली असेल तर बँक खात्याच्या उताऱ्यातली तेवढी एक ओळ ठेवून बाकीचं झाकून नक्कल काढा. पावती क्रमांक आठवत नसेल तर ती जागा कोरी ठेवा, अंदाजानं भरू नका; संपादक वर्गणीच्या वहीतून भरतील. भावनेचे परिच्छेद नकोत. अधिकाऱ्याला असे शेकडो कागद पाहायचे असतात, सगळे एकाच नमुन्यात असले की पडताळणी तासाभरात होते.

आता यादीची फोड. संपादकांनी एकच लांब यादी न देता चार स्वतंत्र याद्या द्याव्यात.

वार्षिक वर्गणीदार: पावती क्रमांक, रक्कम, तारीख, मुदत कधी संपते. हा भाग सोपा.

आजीव वर्गणीदार: इथं अडचण अशी की पैसे पंधरा-वीस वर्षांपूर्वी आले आणि चालू वर्षाची पावती नसते. तेव्हा मूळ पावती, आजीव वर्गणीची ठेव कोणत्या खात्यात आहे त्याचा पुरावा आणि त्या ठेवीचं व्याज दर वर्षी मासिकाच्या जमेला घेतल्याची नोंद, असे तीन कागद लागतात. तिसरा बहुतेकांकडे नसतो, कारण व्याज संस्थेच्या सर्वसाधारण जमेत जातं. लेखापरीक्षकाकडून तेवढ्या बाबीचं प्रमाणपत्र घ्या. निधन झालेल्या आजीव वर्गणीदारांची नावं आधी काढा. वारस अंक घेत असतील तर त्यांच्या नावानं स्वतंत्र नोंद करा.

कुलमंडळांचे सभासद: मंडळाची सभासद वर्गणी भरली की मासिक मिळतं, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. सभासद वर्गणीतला किती भाग मासिकाचा आहे हे मंडळाच्या ठरावात लिहिलेलं नसेल, तर अंक फुकट दिला असाच अर्थ निघतो. जुना ठराव असेल तर इतिवृत्ताची नक्कल लावा. नसेल तर हा गट मागच्या काळापुरता पुराव्यात धरू नका आणि पुढच्या वर्षापासून ठराव करा.

भेट अंक आणि अदलाबदलीचे अंक: हे मान्य करा. आकडा स्वतःहून सांगा. लपवलेला भेट अंक सापडला की वर्गणीदारांच्या यादीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

देणगीबद्दलही एक गोष्ट. फरक भरण्यासाठी पैसे जमवताना वर्गणी आणि देणगी एकाच पावतीवर घेऊ नका. देणगीच्या पावतीनं वर्गणीदार सिद्ध होत नाही. आणि करसवलतीचं आश्वासन देऊन देणगी मागू नका. विशिष्ट जातीच्या किंवा धार्मिक समाजाच्या फायद्यासाठी असलेल्या संस्थांना दिलेल्या देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, आणि अनेक कुलमंडळांची घटना नेमकी तशीच लिहिलेली असते. आधी घटना वाचा, मग आवाहन छापा.

मोडीवाचक:

चौथा मुद्दा, म्हणजे 'बातम्या नाहीत', मला सगळ्यात गंभीर वाटतो. बाकीचे तीन काही अंकांपुरते किंवा काही नावांपुरते आहेत. हा मान्य झाला तर एकही अंक वाचत नाही.

पण तो मान्य व्हायचं कारण नाही. कायद्यात 'इतर बातम्या' आणि 'चालू विषय' असे शब्द आहेत. राजकारण नसलं म्हणून बातमी नाही असं होत नाही. त्या मासिकात दर महिन्याला काय असतं ते पाहा: कुलसंमेलनांची वृत्तं, जन्म-विवाह-निधन, कुलदैवताच्या देवस्थानच्या जीर्णोद्धाराची माहिती, नव्यानं सापडलेल्या कागदपत्रांची वार्ता, अभिलेखागारात काय पाहायला मिळतं याचे बदल, वाचकांचा पत्रव्यवहार. या सगळ्या चालू घडामोडीच आहेत. अठराव्या शतकातली सनद गेल्या महिन्यात सापडली, तर सापडणं ही आजची बातमी आहे.

हे नुसतं म्हणून भागणार नाही, मोजून दाखवावं लागेल. दोन वर्षांचा प्रत्येक अंक घ्या आणि पानवार फोड करा: चालू वृत्तं आणि त्यावरचे लेख, चालू संशोधन, जुन्या साहित्याचं पुनर्मुद्रण, जाहिराती. अर्ध्या पानापर्यंत मोजा. अंकामागे अर्धा तास लागतो. वीस-बावीस अंक आहेत, चार-पाच जणांनी वाटून घेतले तर एका रविवारी होईल. छंद म्हणून वंशावळी करणाऱ्यांना असा तक्ता करणं नवीन नाही, हे काम मनापासून अंगावर घ्या.

एक सावधगिरी. काही अंक पूर्णपणे एखाद्या घराण्याच्या जुन्या वंशावळीला वाहिलेले असतील. तिथं चालू मजकुराचं प्रमाण खरंच कमी निघेल. ते जसं आहे तसं दाखवा. वीसपैकी दोन अंक कमजोर निघाले तर उरलेले अठरा जास्त विश्वासार्ह ठरतात.

अंक नियमित निघत होता याचा पुरावाही लागेल. तीन ठिकाणी शोधा. वृत्तपत्र निबंधकांकडे भरलेली वार्षिक विवरणपत्रं. दर वर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात छापलेलं मालकीचं निवेदन, म्हणजे 'फॉर्म ४, नियम ८'. आणि १९५४ च्या ग्रंथ व वृत्तपत्र प्रदान कायद्याखाली मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला अंक जात असतील तर त्यांच्या पोचा. या पोचा फायलीत कुठंतरी पडून असतात आणि कुणाला त्यांची आठवण नसते, पण त्या त्रयस्थ संस्थेच्या तारखेसह असतात, म्हणून त्यांचं वजन जास्त.

एक विनंती. वर्गणीदारांच्या याद्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. वंशावळीच्या मासिकाच्या यादीत नाव, पत्ता, घराणं, शाखा सगळं एकत्र असतं. यादी अधिकाऱ्याला तपासणीसाठी दाखवायची असते, गावभर फिरवायची नसते. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा असलेली पानं नमुना म्हणून जोडतानाही त्या झाका.

छपाईघर:

पुढच्या अंकांची मांडणी बदलली नाही तर दोन वर्षांनी हेच पुन्हा होईल, म्हणून छपाईच्या बाजूनं लिहितो.

तक्ता बंद करू नका, तोच या मासिकाचा प्राण आहे. सोपा उपाय म्हणजे तो सुटा न देता मधल्या पानांवर पिनेत घ्या आणि त्याला अंकाचेच पान क्रमांक द्या. डेमी १/८ (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकारात मधली दोन पानं मिळून साधारण अकरा बाय साडेआठ इंच जागा मिळते. सहा पिढ्यांपर्यंतची एक शाखा ९ पॉइंट अक्षरात आरामात बसते. त्याहून मोठा तक्ता असेल तर शाखेवार तोडा आणि प्रत्येक तुकड्यावर 'पुढे: पान अमुक, शाखा अमुक' असा दुवा द्या. घडीचा तक्ता हवाच असेल तर घडी उलगडल्यावर दिसणाऱ्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर मासिकाचं नाव आणि अंकाची तारीख छापा, पाठची बाजू कोरी असली तरी तिच्यावरही. एका बाजूला छापून दुसरी विसरणं ही नेहमीची चूक.

आता वजन. सवलतीच्या दरातही ५० ग्रॅमची रेघ ओलांडली की टपाल दुप्पट होत होतं, आणि बहुतेक मासिकं अगदी त्या रेघेवर असतात. कट केल्यानंतर डेमी १/८ चं एक पान, म्हणजे दोन पृष्ठं, ७० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर सुमारे २.१ ग्रॅम भरतं. ४८ पृष्ठं म्हणजे २४ पानं, ५०.७ ग्रॅम. त्यावर १३० जीएसएमचं मुखपृष्ठ ७.८ ग्रॅम. एकूण साडेअठ्ठावन्न, वेष्टण आणि पिना वेगळ्या. ६० जीएसएमवर गेलात तरी ४८ पृष्ठांचा अंक ५१ च्या पुढेच जातो. ६० जीएसएम आणि ४० पृष्ठं घेतली तर ३६.२ अधिक ७.८, म्हणजे ४४ ग्रॅम. वेष्टणासकट ४७ च्या आत राहतो.

५० पर्यंत भरू नका, तीन ग्रॅम मोकळे ठेवा. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि वजन दोन-चार टक्क्यांनी वाढतं. जूनमध्ये ४९ ग्रॅमचा अंक ऑगस्टमध्ये ५१ भरतो, आणि काउंटरवर एक प्रत वजन करून सगळ्या गठ्ठ्याला तोच दर लागतो. प्रेसमधून आलेल्या पहिल्या गठ्ठ्यातल्या दहा प्रती एकत्र वजन करा, दहानं भागा, तो आकडा तारखेसह वहीत लिहा. घरगुती काट्यावर एकच प्रत ठेवली तर एक-दोन ग्रॅमची चूक सहज होते.

दिवाळीबद्दल. 'ऑक्टोबर-नोव्हेंबर जोडअंक' असं मुखपृष्ठावर छापलं की ३१ दिवसांची अट आपणच मोडल्याचं लेखी देतो. त्याऐवजी दिवाळी अंक हा एका महिन्याचा विशेषांक काढा आणि दुसऱ्या महिन्याचा अंक अगदी १६ पृष्ठांचा असला तरी स्वतंत्र क्रमांकानं, स्वतंत्र तारखेनं छापून वेगळा पोस्टात टाका. दोन अंक एका वेष्टणात घालून पाठवले तर तो जोडअंकच झाला.

वेष्टण असं असू द्या की आतला अंक ओढून तपासता येईल. आत हातानं लिहिलेली चिठ्ठी कधीही नको, 'वर्गणी संपली' एवढीसुद्धा. ते काम पत्त्याच्या लेबलवर मुदतीचा महिना छापून करा.

वंशवेल:

खूप आभार. संपादकांशी बोलणं झालं. तक्ता सुटा होता ते अंक आठच आहेत, बाकीच्यांत पिनेत होता. पानवार फोड करायला सात जण तयार झाले आहेत. दोन शंका आहेत. काही जण म्हणतात, मासिक त्रैमासिक करा म्हणजे टपाल कमी होईल. आणि काही जण म्हणतात, आता ज्ञान पोस्ट सुरू झालं आहे, त्यानं पाठवा. हे जमेल का?

डाकखूण:

ज्ञान पोस्टनं मासिक जात नाही. ही सेवा १ मे २०२५ ला सुरू झाली ती पुस्तकांसाठी. ठरावीक काळानं निघणारी प्रकाशनं त्यात घेत नाहीत, आणि जाहिराती असलेलं साहित्यही नाही. अंकाला पुस्तकासारखं मुखपृष्ठ लावून पाठवण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. एका वसुलीतून बाहेर पडताना दुसरी ओढवेल. मात्र मंडळांचे बांधीव कुलवृत्तांत त्यानं जरूर पाठवा: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत, वर कर. प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव पुस्तकावर छापलेलं असायला हवं. जुन्या मंडळ-प्रकाशनांत ते कधी कधी राहून गेलेलं असतं, तेवढं तपासा.

त्रैमासिक केलं तर जुन्या ३१ दिवसांच्या मोजमापानं सवलतीचा दावा आपणच सोडल्यासारखं होतं, आणि चालू प्रकरणात ते कबुलीसारखं वाचलं जाईल. निकाल लागेपर्यंत हा निर्णय घेऊ नका. नंतर हिशेब करायचा झाला, तर वर्षाला चार जाड अंक पूर्ण दरानं आणि बारा पातळ अंक सवलतीनं, असे दोन रकाने मांडून पाहा. पोस्टाकडून आजचं दरपत्रक आणि नोंदणीच्या आजच्या अटी लेखी घ्या, जुन्या अंकावर छापलेल्या दरांवरून हिशेब करू नका. नोंदणीचं पत्र तीन कॅलेंडर वर्षांचं असतं. ते कधी संपतं तेही पाहा. नूतनीकरणाचा अर्ज वादाच्या गडबडीत राहून गेला तर जिंकूनही सवलत हातातून जाईल.

पैशाबद्दल. आठ अंकांचा फरक मान्य असेल तर तेवढी रक्कम 'उरलेल्या मागणीवरची हरकत राखून' अशा शब्दांत पत्र लिहून भरा आणि पावतीवर कोणत्या अंकांसाठी भरले ते लिहून घ्या. उरलेल्या रकमेवर आधी विभागाच्या प्रवर अधीक्षकांकडे, मग क्षेत्राच्या पोस्टमास्तर जनरलांकडे, शेवटी महाराष्ट्र परिमंडळाच्या मुख्य पोस्टमास्तर जनरलांकडे. पायऱ्या गाळू नका. नोटिशीकडे दुर्लक्ष करणं हा पर्याय नाही: जुन्या कायद्यात थकलेलं टपाल दंडाधिकाऱ्यामार्फत दंडासारखं वसूल होऊ शकत होतं, नव्या कायद्यात ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल होतं.

दरम्यान एखादा अंक 'नॉटपेड' म्हणून तुमच्या दारात आला, तर तो परत पाठवू नका. कमी पडलेल्या टपालाच्या दुप्पट रक्कम घेण्याची रीत आहे. ती द्या, वेष्टण शिक्क्यासकट जपा, त्याचा फोटो संपादकांना पाठवा. नाकारलेला अंक प्रेषकाकडे परत जातो आणि भुर्दंड मासिकावरच पडतो.

खतावणी:

नव्या लोकांसाठी कामाची वाटणी सुचवतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक वर्षाऐवजी तीन वर्षांची वर्गणी आत्ता भरावी, यूपीआयनं, आणि शेरा म्हणून 'वर्गणी' एवढाच शब्द टाकावा. 'मदत', 'दंडासाठी' असं लिहिलं की लेखापरीक्षक ती देणगीत टाकतो. संपादकांनी पावती त्याच आठवड्यात पाठवावी, मुदतीचा पहिला आणि शेवटचा महिना लिहून.

ज्या शहरांत वीस-पंचवीस वर्गणीदार जवळ राहतात, तिथं एकानं जबाबदारी घेऊन अंक हातोहात वाटले तर टपाल वाचेल. पण मग त्या प्रती पोस्टिंगच्या संख्येतून वगळल्याची नोंद ठेवा. वर्गणीदार ६००, पोस्टात ५४० आणि हातोहात ६०, असा मेळ दर महिन्याला जुळला पाहिजे. हा मेळ न जुळणं हेच पुढच्या तपासणीत विचारलं जातं.

परदेशातल्या वाचकांनी पीडीएफ घ्यावी आणि वर्गणी पूर्ण द्यावी. तक्ते पीडीएफमध्ये मोठे करून जास्त नीट वाचता येतात, हा त्यांचाही फायदा.

वंशवेल:

ठरलं. पुराव्याचे कागद गोळा करण्यासाठी शेवटची तारीख नोटिशीच्या मुदतीच्या दहा दिवस आधीची ठेवतो आहे, म्हणजे याद्या जुळवायला वेळ मिळेल. ज्यांच्याकडे २०२२ पासूनच्या अंकांची वेष्टणं शिक्क्यासकट शिल्लक असतील त्यांनी ती टाकू नयेत. पोस्टात टाकल्याची तारीख त्यावरूनच सिद्ध करता येईल. पानवार मोजणीसाठी अजून कुणाला यायचं असेल तर कोणत्या महिन्याचे अंक घरी आहेत ते खाली लिहा, वाटप तसं करू.

मोडीवाचक:

२०२३ चे जानेवारी ते जून मी घेतो. मोजणी सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकच अंक मोजून आकडे जुळवून पाहू या, नाहीतर एकाच्या मते जे 'चालू संशोधन' ते दुसऱ्याच्या मते 'पुनर्मुद्रण' होईल. त्यासाठी मार्च २०२३ चा अंक घ्या, त्यात चारही प्रकारचा मजकूर आहे आणि फॉर्म ४ सुद्धा.